हीण आणि कस

सोनाराच्या पेढीवर दोन शब्द फार जुने आहेत : हीण आणि कस. शंभर नंबरी सोने मऊ असते. त्याची बांगडी केली तर ती चार दिवसांत वाकडी होईल. म्हणून सोनार त्यात थोडे तांबे किंवा चांदी घालतो. ते हीण. हीण जितके जास्त तितका कस उतरलेला, हा पेढीवरचा सरळ हिशेब. आणि ‘हीणकस’ हे विशेषण आपण कापडापासून नाटकापर्यंत कशालाही लावतो, तेही याच हिशेबाने. मी ज्या पदार्थांची हकीकत सांगणार आहे त्यांच्या बाबतीत मात्र हा हिशेब उलटा आहे. तेथे निर्भेळ माल जवळजवळ निरुपयोगी असतो, आणि मोजूनमापून हीण घातले म्हणजेच त्याला कस येतो.

हे पदार्थ तसे आपल्या ओळखीचेच आहेत. लोखंडावर चढलेला गंज, अंगणात लावायचा गेरू, भट्टीतून निघालेला कळीचा चुना, वैद्याच्या बाटलीतले यशदभस्म, ही सारी धातूंनी प्राणवायूशी केलेली सोयरीक. रसायनशास्त्र त्यांना ऑक्साइडे म्हणते. मी मात्र ‘भस्म’ हा आपला जुना शब्दच अधिक वापरणार आहे. कारण या पदार्थांचा सगळ्यात मोठा गुण त्या शब्दात आहे. जे एकदा जळून राख झाले त्याला पुन्हा आग लागत नाही. अशा भस्मांची बारीक पूड दाबून भाजली की चिनी मातीच्या जातीची कठीण, ठिसूळ वडी तयार होते. विजेच्या खांबांवर तारांखाली चिनी मातीचे पांढरे तुकडे बसवतात ते त्यांच्यातून वीज जात नाही म्हणून. त्याच कुळातल्या वडीचे एक टोक तापवायचे आणि तिच्यातून वीज काढायची, ही कल्पना ऐकणाऱ्याला थट्टाच वाटावी. पण ती थट्टा नाही. तिच्यामागे दोनशे वर्षांचा इतिहास आहे आणि त्यात बरीच माणसे आहेत.

पहिला माणूस टोमास योहान सीबेक. जन्म १७७० चा, रेव्हाल या बाल्टिक बंदरातला. आज त्या शहराला टॅलिन म्हणतात. शिक्षण वैद्यकाचे, पण ओढा पदार्थविज्ञानाकडे. येना या विद्यापीठाच्या गावी असताना त्याचा कवी गटेशी स्नेह जुळला, आणि गटेच्या रंगविषयक प्रयोगांना त्याने हातभार लावला. १८२१ साली बर्लिनमध्ये त्याने तांबे आणि बिस्मथ यांच्या पट्ट्या टोकांशी जोडून एक वेढा केला, एक सांधा तापवला, आणि वेढ्यात ठेवलेली होकायंत्राची सुई वळली. सुई वळली म्हणजे चुंबकत्व, असे त्याने मानले. पृथ्वीचे चुंबकत्वसुद्धा विषुववृत्ताची उष्णता आणि ध्रुवांचा गारठा यांच्या फरकातून निघत असावे, इथवर त्याची कल्पना धावली. डेन्मार्कच्या अर्स्टेडने आदल्याच वर्षी विजेच्या प्रवाहाने सुई वळते हे दाखवले होते. त्याने सीबेकच्या प्रयोगाचा खरा अर्थ ओळखला : सांध्याच्या उष्णतेने तारेत वीज वाहते आणि सुई वळते ती त्या विजेने. ‘उष्णविद्युत्’ हे नावही त्यानेच दिले. सीबेकला हे अखेरपर्यंत पटले नाही.

उपपत्ती चुकली तरी सीबेकचे मोजमाप पक्के होते. एकामागून एक धातू आणि खनिजे त्याने तापवून पाहिली आणि त्यांची क्रमवार यादी केली. पुढच्या अभ्यासकांनी हिशेब करून दाखवले की त्या यादीतले योग्य पदार्थ निवडून जोडले असते तर त्या काळच्या वाफेच्या यंत्रांशी बरोबरी करील इतके काम उष्णतेतून थेट मिळाले असते. ते कोणी केले नाही. फॅरेडेचा शोध १८३१ चा. फिरत्या यंत्रातून वीज मिळू लागल्यावर तापलेल्या सांध्याकडे ऊर्जेचा झरा म्हणून बघण्याची गरज कोणाला राहिली नाही. सांधा तपमान मोजण्याच्या कामी लागला. आजही भट्टीच्या पोटात जी दुधातूंची तार असते ती सीबेकचीच.

महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवीत असताना मी हा प्रयोग दरवर्षी करून दाखवीत असे. लोखंडाची आणि तांब्याची तार टोकाशी पिळायची, पीळ मेणबत्तीवर धरायचा आणि मोकळी टोके मापकाला लावायची. काटा हलला की मागच्या बाकावरची मुलेसुद्धा माना उंच करीत. मग कोणी तरी ठरलेला प्रश्न विचारी : ‘‘सर, यावर दिवा का लागत नाही ?’’ या एका प्रश्नाचे उत्तर म्हणजे हा सगळा लेख आहे.

ते उत्तर असे. पदार्थाचे एक टोक तापले की तेथले विद्युत्कण अधिक धावपळ करतात आणि थंड टोकाकडे सरकतात. तेथे त्यांची गर्दी होते आणि दोन टोकांत विद्युद्दाब निर्माण होतो. धातूंमध्ये हा दाब दर अंशाला फार थोडा, म्हणजे व्होल्टच्या काही दशलक्षांश भागांइतका असतो. पण नुसता दाब असून भागत नाही. वीज वाहायला वाट हवी, आणि उष्णता मात्र पलीकडे पळून जाता कामा नये. कारण दोन्ही टोके सारखीच तापली की सारे संपले. १९०९ ते १९११ या काळात जर्मनीत आल्टेनकिर्ख याने हे गणितात बसवले. दर अंशाला मिळणारा दाब घ्यावा, त्याचा वर्ग करावा, त्याला विद्युत्वाहकतेने गुणावे, उष्णतावाहकतेने भागावे, आणि येणाऱ्या आकड्याला निरपेक्ष तपमानाने गुणावे. जो आकडा हाती येतो तो त्या पदार्थाचा कस. हे सूत्र आजच्या सुटसुटीत रूपात रुळले ते पुढे. पण विचार आल्टेनकिर्खचा. कस एक असेल तर निसर्गनियमाने उष्णतेतून जेवढे काम मिळणे शक्य आहे त्याच्या साधारण पाचव्या हिश्श्याइतके हाती लागते. एकाच्या खाली असेल तर व्यवहार अवघड.

हे तीन गुण तीन भावांसारखे एकमेकांशी बांधलेले आहेत. विद्युत्कण वाढवले की विजेची वाट रुंद होते, पण दर अंशाचा दाब उतरतो. आणि तेच कण उष्णताही वाहून नेतात, म्हणून तिसरा भाऊ बिघडतो. कण कमी केले की दाब चढतो आणि वाट बंद होते. तांब्यासारख्या धातूत वाट मोठी, दाब नाही. चिनी मातीच्या बशीत वाटच नाही. कस असतो तो या दोहोंच्या मधल्या एका अरुंद पट्टीत, अर्धवाहकांच्या मुलखात. आणि एखादा पदार्थ त्या पट्टीत ओढून आणायचा उपाय एकच : त्यात योग्य परक्या अणूंची नेमकी चिमूट टाकायची.

या चिमटीचा महिमा पहिल्यांदा ज्याच्या ध्यानात आला तो कार्ल बेडेकर. आडनावावरून त्याला कोणी कोकणातला समजू नये ! युरोपात फिरणाऱ्या प्रवाशांच्या हातात लाल बांधणीची जी मार्गदर्शक पुस्तके असत, ती काढणाऱ्या प्रसिद्ध जर्मन प्रकाशकाचा हा नातू, नावही आजोबांचेच. त्याने पुस्तकांच्या धंद्याऐवजी पदार्थविज्ञान धरले, आणि सीबेकने जेथे दिवस काढले त्याच येना गावी काम केले. काचेवर धातूचा अतिशय पातळ थर चढवायचा आणि मग त्याला प्राणवायूशी किंवा आयोडीनशी संयोग पावू द्यायचा, ही त्याची रीत. कॅडमियमचा थर असा भाजला तर तो पारदर्शक होई आणि तरीही त्यातून वीज वाहे. तांब्याच्या थराचे आयोडाइड केले तर त्याची वाहकता भोवतीच्या आयोडीनच्या वाफेनुसार कमीजास्त होई. वाफेतून चिमूटभर जादा आयोडीन आत शिरले की वाट मोकळी, निघून गेले की वाट बंद. १९०७ साली त्याने हे प्रसिद्ध केले. जड धातूंच्या संयुगांची विद्युत्वाहकता आणि उष्णविद्युत्-शक्ती हाच त्या निबंधाचा विषय होता. म्हणजे आपल्या कथेचे तिन्ही धागे, भस्म, हीण आणि उष्णतेची वीज, एका माणसाच्या एका निबंधात एकत्र आले होते. ऑगस्ट १९१४ मध्ये पहिले महायुद्ध सुरू झाले आणि त्याच महिन्यात बेल्जियममधील लिएझच्या लढाईत बेडेकर मारला गेला. वय सदतीस. मला या माणसाविषयी फार जिव्हाळा वाटतो. आजोबांची पुस्तके जगभर गेली. नातवाच्या निबंधाची वाट मात्र पुढे कितीतरी वर्षे ओस पडली.

ओस पडण्याचे कारण केवळ युद्ध नव्हते. अर्धवाहकांना विद्वानांत प्रतिष्ठाच नव्हती. आज केलेल्या मोजणीचा उद्या मेळ बसत नसे, कारण नमुन्यात कोणत्या खाणीची कोणती माती शिरली आहे याचा पत्ता नसे. वुल्फगांग पाउलीसारख्या दिग्गजाने १९३१ साली आपल्या तरुण सहकाऱ्याला लिहिलेल्या पत्रात अर्धवाहकांच्या वाटेला जाऊ नये, तो सारा गलिच्छ प्रकार आहे, अशा अर्थाचा सल्ला दिला होता. पाउलीचे अगदीच चुकले असे मी म्हणणार नाही. गवळ्याने दुधात घातलेले पाणी आणि सोनाराने सोन्यात घातलेले तांबे यांत फरक आहे. पहिली भेसळ, ती किती हे कोणी सांगत नाही. दुसरे हीण, ते तोलून घातलेले असते आणि दागिन्यावर त्याचा आकडा छापता येतो. तोवर अर्धवाहकांत होती ती भेसळ. तिचे हीण होणे बाकी होते.

ते काम भस्मांच्या बाबतीत हॉलंडमध्ये झाले. आइंडहोव्हन येथे फिलिप्स कंपनीच्या प्रयोगशाळेत डी बूर आणि व्हेरवे या दोघांनी १९३७ साली एक अडचणीचा प्रश्न पुढे टाकला. निकेलच्या भस्मात विद्युत्कणांची मांडणी पाहता, त्या वेळच्या सिद्धान्ताप्रमाणे ते धातूसारखे वाहक असायला हवे. प्रत्यक्षात ते हिरवे आणि पक्के अवाहक आहे. असे का ? इंग्लंडमध्ये नेव्हिल मॉटने या प्रश्नाचा पिच्छा पुरवला. कण एकमेकांना इतके टाळतात की प्रत्येक जण आपल्या घरी बसून राहतो आणि रस्ता मोकळा असूनही रहदारी होत नाही, असा त्याच्या उत्तराचा भावार्थ. मॉटला १९७७ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

व्हेरवेने मात्र प्रश्न विचारून हात झटकले नाहीत. १९५० साली त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी निकेलच्या भस्मात लिथियम मिसळून ते भाजल्याचे प्रसिद्ध केले. निकेलच्या अणूने दोन विद्युत्कण द्यावेत हा त्या घरचा रिवाज. लिथियम एकच देऊ शकतो. तो निकेलच्या जागी बसला की घरात एका कणाची उणीव राहते, आणि ती भरून काढण्यासाठी शेजारच्या एखाद्या निकेलला आपला तिसरा कण द्यावा लागतो. ही उणीव मग एका निकेलकडून दुसऱ्याकडे सरकू लागते, आणि उणीव सरकणे म्हणजेच वीज वाहणे. हिरवी पूड काळी झाली आणि तिचा रोध कोट्यवधी पटींनी उतरला. महत्त्वाचे हे की जेवढा लिथियम तेवढी वाहकता. तराजूत तोललेले हीण आणि मापकाने मोजलेला गुण यांचा प्रथमच ताळा जुळला. सिलिकॉन आणि जर्मेनियम यांच्यात अमेरिकेत जे चालले होते त्याचेच हे भस्मांच्या दुनियेतले भावंड.

याच सुमारास उष्णविद्युतेला पुन्हा दिवस आले ते लेनिनग्राडमध्ये. अब्राम इयॉफे हा म्युनिकला राँटगेनच्या हाताखाली तयार झालेला शास्त्रज्ञ. अर्धवाहकांवर त्याची श्रद्धा होती. दुसऱ्या महायुद्धात जर्मन फौजांच्या पिछाडीस लढणाऱ्या गनिमांना संदेशयंत्रासाठी वीज हवी होती. त्यांना एक विलक्षण किटली मिळाली : बुडाशी उष्णविद्युत् सांधे, खाली शेकोटी आणि आत पाणी. पाणी उकळत राही, म्हणून थंड बाजू शंभर अंशांवर आपोआप स्थिर राही, आणि शेकोटीवर संदेशयंत्र चाले. युद्धानंतर खेड्यांसाठी रॉकेलचा दिवा निघाला. त्याच्या काचेवर पाकळ्यांसारख्या पट्ट्या बसवलेल्या असत, आणि दिव्याच्या उजेडात वाचता वाचता त्याच दिव्याच्या उबेवर रेडिओ ऐकता येई. मुलांच्या ‘‘दिवा का लागत नाही’’ या प्रश्नाला हे उलटे उत्तर होते : विजेने दिवा नव्हे, दिव्याने वीज.

इयॉफेने हिणाचे दुसरे काम दाखवून दिले. उष्णता पदार्थातून मुख्यतः अणूंच्या थरथरण्याने पुढे सरकते. सगळे अणू सारख्या वजनाचे असले तर ती लाट बिनबोभाट पुढे जाते. मध्ये निराळ्या वजनाचे अणू पेरले की ती ठेचकाळते. विद्युत्कणांना मात्र या ठेचा तितक्या लागत नाहीत. म्हणजे हीण दोन प्रकारचे : एक कण पुरवणारे, दुसरे उष्णतेची वाट अडवणारे. १९५४ साली इंग्लंडमध्ये गोल्डस्मिडने बिस्मथ टेल्युराइड पुढे आणले. त्याचा कस पुढे एकाच्या घरात गेला. शिशाचे टेल्युराइड आणि सिलिकॉन-जर्मेनियमचे मिश्रण हीसुद्धा अशीच पुढे आली, आणि १९७७ साली सुटलेली व्हॉयेजर याने प्लुटोनियमच्या उष्णतेवर, याच जातीच्या सांध्यांच्या बळावर, गुरू-शनींच्या पलीकडे गेली.

मग भस्मांची गरज काय ? गरज अशी की यानाभोवती निर्वात पोकळी असते. आपल्या भट्टीभोवती हवा असते. टेल्युरियम दुर्मीळ, शिसे विषारी. आणि ही मंडळी तापली की हवेत जळू लागतात, म्हणून त्यांना बंद डबीत कोंडावे लागते. काचेच्या कारखान्याचे किंवा पोलादाच्या भट्टीचे धुराडे आठशे-हजार अंशांची ऊब आकाशात फेकते. तेथे उघड्या हवेत वर्षानुवर्षे टिकेल असा पदार्थ हवा. जो आधीच भस्म झाला आहे तोच तेथे टिकेल, हे ओघानेच आले. पण भस्मांविषयीचा शास्त्रीय निकाल प्रतिकूल होता, आणि तो अडाण्यांचा नव्हता. भस्मातला विद्युत्कण आपल्या अणूला चिकटून असतो, हलला तरी भोवतालचे जाळे ओढत हलतो; शिवाय प्राणवायूचे अणू हलके आणि बंध घट्ट, म्हणून उष्णता सुसाट जाते. वाट अरुंद आणि गळती मोठी. कशाच्या सूत्रात दोन्हीकडून तोटा.

हा निकाल हलला तो एका निराळ्याच खटल्यामुळे. १९८६ साली झुरिकजवळ बेडनॉर्झ आणि म्यूलर यांनी लँथॅनम आणि तांबे यांच्या संयुक्त भस्मात बेरियमचे हीण घातले आणि ते अतिवाहक झाले, म्हणजे थंडीत त्याचा रोध साफ नाहीसा झाला. पुढच्याच वर्षी दोघांना नोबेल मिळाले. भस्मातून वीज वाहू शकते एवढेच नव्हे, तर ती बिनविरोध वाहू शकते हे कळल्यावर जगभर प्रयोगशाळांतून खल आणि भट्ट्या कामाला लागल्या.

जपानच्या क्यूशू विद्यापीठात मिचिताका ओताकी आणि त्यांचे सहकारी यांनी जुन्या निकालाची फेरतपासणी थेट उष्णविद्युतेच्या अंगाने केली. १९९५ साली त्यांनी चुना आणि मँगेनीज यांचे संयुक्त भस्म घेऊन चुन्याच्या दहा जागांपैकी एकीवर इट्रियम, लँथॅनम, बिस्मथ असे निरनिराळे पाहुणे बसवून पाहिले. १९९६ साली पाळी आली जस्ताच्या भस्माची, म्हणजे आपल्या यशदभस्माची. जस्ताच्या दर पन्नास अणूंमागे एक ॲल्युमिनियमचा. जस्त दोन कण देते, ॲल्युमिनियम तीन. जादा कण मोकळा सुटतो. एवढ्याने वाहकता हजार पटींहून अधिक वाढली, आणि हजार अंश सेल्सियसला कस निघाला ०.३०. आकडा लहान दिसतो. पण जेथे पूज्य अपेक्षित होते तेथे तो होता, आणि पदार्थ होता मलमात घालायचा.

दुसऱ्याच वर्षी, १९९७ साली, इचिरो तेरासाकी आणि त्यांचे सहकारी यांनी सोडियम आणि कोबाल्ट यांच्या भस्माचे स्फटिक मोजले. कोबाल्ट हे नावच मुळी भुताचे आहे. जर्मन खाणकामगारांना चांदीच्या आशेने उपसलेल्या दगडातून चांदीऐवजी विषारी धूर मिळे. हे खाणीतल्या ‘कोबोल्ड’ नावाच्या पिशाच्चाचे चाळे, असे ते म्हणत. तेरासाकींच्या स्फटिकात पिशाच्चाने उलटी करामत केली होती. त्यात विद्युत्कणांची दाटी धातूची, म्हणून वाहकता चांगली. आणि तरीही दर अंशाला दाब सुमारे शंभर मायक्रोव्होल्ट, म्हणजे तांब्याच्या कितीतरी पट. तीन भावांपैकी दोघे एकाच वेळी प्रसन्न, हे पाठ्यपुस्तकात बसणारे नव्हते.

त्याची रचना थरांची आहे. कोबाल्टच्या पातळ पत्र्यांतून वीज वाहते; दोन पत्र्यांमध्ये सोडियमचे अणू अर्ध्या भरलेल्या धर्मशाळेसारखे कसेही पसरलेले असतात. सोडियम कण पुरवतो आणि त्याची अव्यवस्था उष्णतेला अडवते. हिणाची दोन्ही कामे एकच पाहुणा करतो. दाब एवढा का, याचे उत्तर मिळायला आणखी काही वर्षे गेली. जपानमधील कोशिबाए, त्सुत्सुई आणि माएकावा यांनी २००० साली सुचवले की येथे कण नुसता विद्युत्भार नेत नाही. आपल्या फिरकीतली अव्यवस्थाही बरोबर नेतो. २००३ साली प्रिन्स्टनमध्ये अतिथंड स्फटिकावर प्रबळ चुंबकीय क्षेत्र लावून फिरक्या एका दिशेला बांधल्या, तेव्हा दाब जवळजवळ नाहीसा झाला. तर्काला पुरावा मिळाला. सुई वळली म्हणून चुंबकत्व मानणाऱ्या सीबेकला ही बातमी कळती तर त्याने मिशीत हसून घेतले असते. एका कोपऱ्यात का होईना, चुंबकत्वाचा संबंध निघालाच.

सोडियमचे भस्म हवेतली ओल खाते आणि फार तापले की सोडियम उडून जातो. म्हणून त्याच्या जागी चुना आला. २००० साली फ्रान्समधील काँ आणि जपानमधील ओसाका येथून चुना व कोबाल्ट यांच्या भस्माचे वृत्तान्त प्रसिद्ध झाले. यात चुन्याचे थर कोबाल्टच्या पत्र्यांशी मापाने जुळतच नाहीत. बेमेल लग्नाचा संसार म्हणावा तसा. पण हा बेमेलपणाच उष्णतेला अडवतो, आणि पदार्थ हवेत नऊशे अंशांच्या आसपास टिकतो. केसासारख्या बारीक सुट्या स्फटिकांवरून कस एकाच्या वर असल्याचा अंदाज बांधला गेला. पण सुटा स्फटिक वेगळा आणि भट्टीतून निघालेली वडी वेगळी; वडीत लाखो कण वाकडेतिकडे चिकटलेले असतात आणि विजेला प्रत्येक सांध्यावर अडखळावे लागते. २०११ साली डेन्मार्कमधील संशोधकांनी ल्युटेशियमचे हीण आणि चांदीचे सूक्ष्म कण अशी दुहेरी योजना करून वडीचा कस सुमारे ८४५ अंशांना ०.६१ पर्यंत नेला. आदल्या काही वर्षांत ओताकींच्या गटाने जस्तात ॲल्युमिनियमसोबत गॅलियम घालून सुमारे ९७५ अंशांना ०.६५ गाठला होता. हिऱ्याच्या नावाखाली १९५०–६० च्या दरम्यान दागिन्यांत जडवले जाणारे स्ट्राँशियम टायटॅनेटही या शर्यतीत उतरले. लँथॅनमच्या हिणाने त्याची विजेची बाजू बिस्मथ टेल्युराइडच्या तोडीची झाली, हे २००१ साली दिसले. उष्णतेची गळती मात्र कित्येक पट राहिली.

हे आकडे वाचताना त्यांच्यामागची मेहनत विसरू नये. पुडी तोलणे, खलणे, भाजणे, पुन्हा खलणे, दाबून वडी करणे, पुन्हा भाजणे. आपले वैद्य भस्माला पुटांवर पुटे देत, त्याच वळणाचे हे काम आहे. आणि हीण किती पचेल याला मर्यादा असते. जस्तात ॲल्युमिनियम दोन-तीन टक्क्यांच्या पुढे ढकलला तर तो जस्ताच्या जागी बसत नाही. जस्त आणि ॲल्युमिनियम यांचे तिसरेच, वीज न वाहणारे खनिज कणांच्या कडेला साचते. पानात चुना जास्त झाला की रंग चढत नाही, तोंड मात्र भाजते, तसेच हे. गॅलियमचा खरा उपयोग येथे झाला : त्याच्या सोबतीने ॲल्युमिनियम अधिक पचला आणि कणांची बांधणी बारीक झाली.

मग आज कोठे आहोत ? तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रापासून क्यूशूपर्यंत अनेक ठिकाणी उष्णविद्युत् पदार्थांवर काम झाले आहे. तरी भस्मांच्या वड्यांनी एकाची वेस खात्रीने ओलांडली, असे मला म्हणवत नाही. शिवाय कस म्हणजे सगळे नव्हे. हजार अंशांच्या टोकाला धातूची तार वर्षानुवर्षे चिकटून राहील असा सांधा करणे हे वडी करण्याइतकेच कठीण आहे, आणि वारंवार तापून-निवून वडी तडकते. भट्ट्यांच्या धुराड्यांतून ऊब अजून वाया जाते आहे. तो दोष आकाशाचा नव्हे.

या इतिहासातून ‘अशुद्धतेचा विजय’ असा धडा काढण्याचा मोह होतो. मला तो मान्य नाही. निर्भेळ मालाला किंमत नाही हे खरे. पण निर्भेळ माल हाती आल्याशिवाय हीण तोलता येत नाही हेही तितकेच खरे. पाउलीला ज्याची किळस आली ती अजाण भेसळ. बेडेकरने ती वाफेने चढवली-उतरवली, व्हेरवेने तराजूत घातली, ओताकींनी तिला जागा नेमून दिली. पदार्थ तोच राहिला, परके अणूही तेच. फरक पडला तो किती आणि कोठे हे माहीत असण्याने. आणि दुसरी गोष्ट अशी की भस्मांविषयीचा जुना निकाल गणिताने दिला होता, तो गणिताने फिरला नाही. सूत्र आल्टेनकिर्खच्या विचारावरच उभे राहिले. कोणीतरी मलमातली पूड घेतली, पन्नासात एक परका अणू घातला, हजार अंशांपर्यंत तापवली आणि मापकाचा काटा वाचला, तेव्हा तो निकाल फिरला.